दर पावसाळ्यात मुका होणारा बोटीचा रेडिओ : सेट सोडा, अँटेनाची केबल बघा

तक्रार दर वर्षी एकच. जूनचे दोन-तीन पाऊस झाले, नर्मदेच्या फुगवट्यात पाणी चढायला लागलं, की धडगावकडून फोन येतो, "दादा, आयकाले येस, पण आपलं बोलनं तठे पोहचस नही." बोटीवरचा नावाडी तापीकाठच्या प्रकाशा गावचा, म्हणून अहिराणीत बोलतो. त्याला किनाऱ्यावरच्या केंद्राचं ऐकू येतं, पण केंद्राला त्याचं काही कळत नाही. उन्हाळ्यात हाच रेडिओ बरा चाललेला असतो.

मी शहाद्यात वायरलेस सेट, इन्व्हर्टर आणि माइकसेट दुरुस्त करतो. खान्देशात बसून मरीन, म्हणजे बोटी-जहाजांच्या, रेडिओचं काम कुठून आलं, असं बरेच जण विचारतात. सरदार सरोवराचं पाणी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या ३३ गावांपर्यंत आलं आहे. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं, तेव्हापासून काठावरच्या कितीतरी पाड्यांना बोट हाच रस्ता उरला. दरीत मोबाइलला रेंज नसते. सर्पदंशाचा माणूस किंवा अडलेली बाई बोटीत असेल, तर पलीकडे गाडी उभी करून ठेवा एवढं सांगायला रेडिओच लागतो. म्हणून या तक्रारीकडे मी किरकोळ म्हणून बघत नाही आणि कुणी बघूही नये.

या बोटीवर २५ वॅटचा व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या लहरींवर चालणारा, सेट आहे. लायसन्सवर लिहिलेल्या चॅनलवर तो चालतो. मरीन व्हीएचएफ १५६ ते १६२ मेगाहर्ट्झमध्ये असतो, आणि १५६.८ मेगाहर्ट्झचा चॅनल १६ जगभर संकट आणि पहिल्या हाकेसाठी राखलेला आहे. या पट्ट्यात केबलची जात, लांबी आणि ओल या तिन्ही गोष्टी एफएम रेडिओच्या वायरीपेक्षा फार जास्त बोचतात.

तीन पावसाळे काय केलं

पहिल्या वर्षी मी बोटीची जुनी केबल काढून तसलीच नवी, आरजी-५८ जातीची बारीक केबल टाकली. दिवाळीपर्यंत चालली. दुसऱ्या वर्षी सेटवर संशय आला. सेट दुरुस्तीला पाठवला, तो "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत आला. दीड महिना बोट रेडिओशिवाय फिरली, ते दिवस मला अजून टोचतात. तिसऱ्या वर्षी घाईत एका दुकानातून केबल आणवली. कनेक्टर बसेना म्हणून निरखून पाहिली, तर ती सीसीटीव्हीची निघाली. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

डोकं ताळ्यावर आलं ते एका साध्या विचाराने. पावसाळ्यात फुगवट्याचं पाणी वर चढतं, म्हणजे बोट दरीत वर येते आणि केंद्राच्या मास्टकडे, म्हणजे अँटेनाच्या उंच खांबाकडे, तिची नजर उलट मोकळी होते. उन्हाळ्यात पाणी उतरतं, बोट खाली जाते, कडे आडवे येतात. म्हणजे डोंगराचा दोष असता तर रेडिओ उन्हाळ्यात बिघडायला हवा होता. इथे तो पावसाळ्यात बिघडत होता. पावसाळ्यात जास्त काय असतं? पाणी. आणि पाणी शिरायला जागा म्हणजे अँटेना, कनेक्टर आणि केबल, एवढीच.

केबल उपसण्याआधी हे बघून घ्या

"ऐकू येतं पण जात नाही" हे लक्षण फसवं आहे. लहर जाताना केबल जेवढी ताकद खाते तेवढीच येताना खाते. त्यामुळे दोष फक्त केबलचा असेल तर दोन्ही बाजू क्षीण व्हायला हव्यात. बोट खरंच नीट ऐकत असेल आणि फक्त तिचंच बोलणं जात नसेल, तर आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, सेटचं पॉवरचं बटण चुकून १ वॅटवर तर नाही ना. पडद्यावर कोपऱ्यात छोटी खूण असते, ओल्या हाताने बटण दाबलं गेलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी, बॅटरीकडून सेटला येणारी वायर. २५ वॅटवर बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, ऐकताना त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. वायर बारीक असेल किंवा फ्यूजची क्लिप गंजली असेल तर ऐकणं व्यवस्थित चालतं आणि बोलण्याचं बटण दाबलं की व्होल्टेज कोसळतं. मल्टिमीटरच्या पिना सेटच्या मागच्या बाजूला, अगदी सेटला लागून धरा आणि सोबत्याला बटण दाबायला सांगा. बॅटरीवर आणि सेटवर अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल तर आधी ती वायर बदला. आमच्या बोटीवर फरक दोन व्होल्टचा निघाला. फ्यूजची क्लिप घासून, वायर जाड टाकून तो संपवला. त्याने फरक पडला, पण तक्रार मिटली नाही.

तिसरी, केंद्राच्या बाजूचा आवाज-गोंधळ. सोलरचा चार्ज कंट्रोलर आणि स्वस्त एलईडी दिवे व्हीएचएफच्या पट्ट्यात खरखर टाकतात. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये बोटींवरच्या एलईडी दिव्यांबद्दल याच कारणाने इशारा दिला होता. केंद्रातले दिवे बंद करून, सोलर तोडून, फक्त बॅटरीवर सेट ऐकून बघा. खरखर एकदम थांबली तर बोटीचं बोलणं त्या खरखरीखाली दबत होतं असं समजा.

आणि नावाडी "ऐकू येस" म्हणतो ते एकदा स्वतः ऐकून बघा. मी बोटीत बसून पाहिलं तेव्हा त्याने स्क्वेल्च, म्हणजे रिकामी खरखर दाबणारा खटका, पूर्ण उघडा ठेवला होता. अखंड खरखरीतून तो केंद्राचे शब्द वेचून घेत होता. त्याच्या कानाला त्या खरखरीची इतकी सवय झाली होती की त्याच्या हिशेबी ते "ऐकू येणं" होतं. म्हणजे दोन्ही बाजू क्षीणच होत्या. मग मात्र मी केबलला हात घातला.

उघडून पाहिलेली केबल

बोटीच्या छतावर अँटेनाच्या बुडाशी दोन केबलींचा जोड होता. तारा पिळून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तो जोड कापून टाकला आणि केबलीचं कवच ब्लेडने उभं चिरलं. आत मधल्या तारेभोवतीची तांब्याची जाळी कनेक्टरच्या बाजूला काळी पडलेली, त्यावर मधूनमधून हिरवट बुरशीसारखं. बोटाने चोळली तर तारांची भुकटी बोटाला लागली. मला वाटलं वीतभर खराब असेल, तेवढी कापून पुढे जाऊ. वीतभर पुढे चिरली, तीच काळी जाळी. हातभर पुढे, तीच. सव्वा दोन मीटर गेल्यावर लालसर तांबं दिसलं. दिव्याची वात तेल वर ओढते तसं जाळीने एका जोडातून आलेलं पाणी आत आत ओढून नेलं होतं, तेही वरून खाली उताराने, म्हणजे पाण्याला सोयीचंच.

या केबलीवर मी आदल्या आठवड्यात मल्टिमीटर लावला होता आणि मीटरने ती चांगली म्हणून सांगितली होती. इथेच बहुतेकांची फसगत होते. मल्टिमीटर सरळ करंट पाठवतो, त्याला जाळीतल्या चार तारा जोडलेल्या मिळाल्या तरी पुरतात. रेडिओची लहर जाळीच्या पृष्ठभागावरून जाते, तिथे काळं पडलेलं तांबं म्हणजे खडीचा रस्ता. मल्टिमीटर तुटकी किंवा चिकटलेली केबल पकडतो, कुजलेली पकडत नाही.

एसडब्ल्यूआर मीटर अँटेनाकडून किती लहर परत येते ते दाखवतो, आकडा १ च्या जितका जवळ तितकं चांगलं. पण तोही इथे उलटा फसवतो. समजा अँटेना तुटलेली आहे आणि केबल एका बाजूला ६ डेसिबल खाते (डेसिबल हे ताकद घटल्याचं माप, दर तीन डेसिबलला पॉवर निम्मी). सेटकडून निघालेली लहर जाताना ६ डेसिबल कमी झाली, तुटक्या अँटेनावरून सगळीच्या सगळी परत आली, येताना आणखी ६ डेसिबल कमी झाली. मीटरला परत आलेली लहर १२ डेसिबलने कमी दिसते आणि तो सुमारे १.७ एसडब्ल्यूआर दाखवतो. १.७ बघून कुणीही म्हणेल अँटेना ठीक आहे. प्रत्यक्षात अँटेना नाहीच. जुन्या बोटीवर एसडब्ल्यूआर जितका गोड दिसेल तितका केबलीवर संशय घ्यावा, हे मी तेव्हापासून पाळतो.

खरी परीक्षा एकच. केबलीच्या सेटकडच्या टोकाला वॉटमीटर लावून किती वॉट निघतात ते मोजा. मग अँटेना काढून, केबलीच्या दुसऱ्या टोकाला वॉटमीटर आणि त्यापुढे ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर झेलणारा रोध, लावून किती पोहोचतात ते मोजा. आमच्या कुजलेल्या केबलीत २४ वॉट शिरत होते आणि ५ बाहेर पडत होते. साडेपाच मीटरच्या केबलीत! उरलेले वॉट केबल तापवण्यात जात होते. चाचणी चॅनल १६ वर करू नका, आणि अँटेना किंवा डमी लोड न लावता बोलण्याचं बटण कधीही दाबू नका.

डमी लोड नसेल तर गरिबाची पद्धत अशी. अँटेना काढून टाका, कारण बऱ्याच मरीन अँटेना आतून मधली तार आणि जाळी जोडलेल्याच असतात आणि मीटरला शॉर्ट दाखवतात. मोकळ्या केबलीत मधली तार आणि जाळी यांत काहीच वहन दिसता कामा नये. मग दूरचं टोक चिमट्याने शॉर्ट करा. पाच-सहा मीटरच्या केबलीत, मीटरच्या स्वतःच्या तारांचा आकडा वजा करून, अर्ध्या ओहमच्या आत उत्तर यायला हवं. एवढं जमलं तरी केबल चांगलीच आहे असं समजू नका. दोन्ही टोकांचं कवच इंचभर सोलून जाळीचा रंग बघा. तांबं लालसर किंवा कलई चकचकीत हवी. काळं म्हणजे गेली.

कोणती केबल, कुठे

आता निवडीकडे. आमची मूळ चूक अशी की बोटीला आणि केंद्राच्या मास्टला एकाच रीळमधली केबल लावली होती. बोटीवर केबल लागते पाच-सहा मीटर. मास्टवर लागते पंचवीस मीटर. या दोन वेगळ्या गरजा आहेत.

१५० मेगाहर्ट्झच्या आसपास, चांगल्या नव्या मालाचा हिशेब साधारण असा धरा : आरजी-५८ मीटरला ०.२ डेसिबल खाते, आरजी-८एक्स ०.१५, आरजी-२१३ सुमारे ०.०९ आणि एलएमआर-४०० सुमारे ०.०५. तीन डेसिबल म्हणजे निम्मी पॉवर गेली. पंचवीस मीटरच्या मास्टवर आरजी-५८ टाकली तर ५ डेसिबल जातात, २५ वॉटमधले जेमतेम ८ वर पोहोचतात. तिथेच आरजी-२१३ टाकली तर १५ च्या घरात, एलएमआर-४०० टाकली तर १८ ते १९. आणि हेच येणाऱ्या आवाजालाही लागू. बोटीकडून आलेला क्षीण आवाज मास्टवरच्या अँटेनापर्यंत चांगला येतो आणि खाली सेटपर्यंत येईतो त्यातला दोन तृतीयांश केबलीत मरतो. आमच्या केंद्राला बोट ऐकू न येण्याचं अर्धं कारण केंद्राच्याच मास्टवर लटकत होतं. बोटीवरच्या माणसांनी तीन वर्षं बोलणी खाल्ली, ती उगाच.

म्हणून मास्टला आरजी-२१३ किंवा एलएमआर-४०० याशिवाय दुसरं काही लावू नका. दोन्हींची जाडी जवळपास सारखी, सव्वादहा मिलिमीटर. माझी पसंती मास्टला एलएमआर-४०० ला, कारण ती एकदा बांधली की हलत नाही. तिची मधली तार एकसंध असते, आत अॅल्युमिनियमची पन्नी असते. सतत वाकवली तर ती सुरकुतते आणि फाटते, आणि पाणी शिरलं तर अॅल्युमिनियम लवकर जातं. त्यामुळे बोटीवर ती लावू नये.

बोटीवरची गोष्ट वेगळी. सहा मीटरमध्ये आरजी-५८ सव्वा डेसिबल खाते, २५ चे १९ होतात. आरजी-२१३ ने २२ होतील. हा तीन वॅटचा फरक पलीकडच्या कानाला कळतसुद्धा नाही. तेव्हा बोटीवर जाड केबलीच्या मागे लागू नका. फायबरच्या बोटीच्या छतातून जाड केबल वळत नाही, कनेक्टरवर सतत ताण येतो, आणि इंजिनाच्या थरथरीने पहिल्यांदा तोच जोड सुटतो. बोटीवर दोन गोष्टी बघा : मधली तार अनेक बारीक तारांची हवी, आणि तांब्यावर कलई हवी. कलई केलेलं तांबं ओल सोसतं. या दोन अटी पाळणारी मरीन दर्जाची आरजी-८एक्स मिळाली तर उत्तम, नाहीतर त्याच दर्जाची आरजी-५८ घ्या. कोकणात खाऱ्या हवेत कलईशिवाय केबल वापरणं म्हणजे वर्षभराचा खेळ. आपल्याकडचं पाणी गोडं आहे, म्हणून लोक म्हणतात इथे गंज कसला. वर दाखवलेली सव्वा दोन मीटर काळी जाळी गोड्या पाण्याचीच होती.

आपल्या भागात एक जास्तीचा शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. मे महिन्यात बोटीच्या छतावर हात टेकवत नाही. आरजी-८एक्समध्ये मधल्या तारेभोवती फोम असतो. तो उन्हात मऊ पडतो, आणि अशा वेळी केबल प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून आवळलेली असेल किंवा कोपऱ्यावर काटकोनात वळवलेली असेल, तर मधली तार हळूहळू एका बाजूला सरकते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पट्टी केबल जागेवर राहील एवढीच ओढा आणि वळण केबलीच्या जाडीच्या दहा पटींपेक्षा लहान घेऊ नका. स्वस्त केबलीच्या काळ्या कवचातलं तेल उन्हाने आत उतरतं आणि आतलं इन्सुलेशन बिघडवतं, हाही जुना अनुभव आहे. आरजी-२१३ चं कवच मुळात असं आत न उतरणारं बनवलेलं असतं, जुन्या आरजी-८ पेक्षा तिचा हाच मोठा फायदा. छतावरून जाणारी कुठलीही केबल शक्यतो सावलीत, पाइपातून न्या.

सीसीटीव्हीची केबल ओळखा

आता ती तिसऱ्या वर्षाची केबल. गावोगावी कॅमेरे बसले, त्यामुळे प्रत्येक दुकानात आज जी गोल काळी केबल लटकते ती बहुधा सीसीटीव्हीची किंवा डिशची असते. ती ७५ ओहमची, रेडिओला हवी ५० ओहमची. गोंधळ वाढतो तो जाडीमुळे. कॅमेऱ्याला वापरतात ती आरजी-५९ आणि रेडिओची आरजी-८एक्स, दोन्ही जवळपास सहा मिलिमीटर. पीएल-२५९ कनेक्टरमध्ये बारीक केबलीसाठी जो रिड्युसर, म्हणजे आत बसणारी बारीक नळी, लागतो तोही दोन्हींना एकच, यूजी-१७६. आरजी-५८ ला यूजी-१७५. त्यामुळे "बसली म्हणजे बरोबर" असं होऊन जातं.

खरं सांगायचं तर ७५ आणि ५० चा फरक एवढा जीवघेणा नाही, थोडी पॉवर परत येते इतकंच. खरी अडचण आतल्या मालात आहे. या केबलींची मधली तार बहुधा लोखंडाची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. जाळी अॅल्युमिनियमची आणि विरळ. अॅल्युमिनियमवर सोल्डर धरत नाही. कनेक्टर नुसता आवळून बसवला जातो, आठ दिवस चालतो, मग इंजिनाच्या थरथरीने सैल होतो आणि पाणी आत घेतो. विरळ जाळीतून इंजिनाची आणि दिव्यांची खरखर आत शिरते ती वेगळीच.

दुकानात तीन गोष्टी करा. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा आणि मधल्या तारेला लावून बघा. चिकटला तर केबल परत द्या. दुसरं, कवच इंचभर सोलायला लावा. जाळीतून आतलं पांढरं इन्सुलेशन सहज दिसत असेल तर जाळी विरळ आहे. तिसरं, कवचावर छापलेलं वाचा. आरजी-५८ असं छापलेलं असूनही आतून कामचलाऊ माल मी पाहिला आहे, म्हणून छापील अक्षरांपेक्षा चुंबकावर आणि डोळ्यावर जास्त विश्वास ठेवा. शहाद्यात, नंदुरबारात रेडिओची चांगली केबल ठेवणारं दुकान मला सापडलेलं नाही. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारून बघा, नाहीतर सरळ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा. भाड्याचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

जोड आणि बंदोबस्त

केबल कितीही चांगली घेतली तरी जोड चुकला तर पुढच्या जूनला फोन येणारच. अँटेनाबरोबर कंपनीतून जोडून आलेली केबल मध्येच कापून पिळून जोडू नका. लांबवायचीच असेल तर दोन्ही टोकांना पीएल-२५९ सोल्डर करा आणि मधे दोन्हीकडून फिरवायचा जोड, म्हणजे पीएल-२५८, लावा. पण शक्य असेल तर अखंड केबल घ्या. प्रत्येक जोड म्हणजे पाण्याला दिलेलं एक दार.

पीएल कनेक्टर स्वतः पाणी अडवत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो धातूचा, जाड, आट्यांचा दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो. तो बाहेरच्या हवेत लावायचा असेल तर वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा. ती ताणून दुप्पट लांब करायची आणि खालून वर गुंडाळत जायची. घरावर कौलं घालताना खालची ओळ आधी आणि वरची नंतर येते, तसंच. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदरात पाणी थांबतं. त्यावर साध्या काळ्या चिकटपट्टीचे दोन पदर, रबराला ऊन लागू नये म्हणून. साधी चिकटपट्टी एकटीच लावली तर उन्हाने गोंद वितळतो आणि पावसाळ्याआधीच ती सुटते.

दरवाज्या-खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन वापरू नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून वाळताना आम्ल सुटतं आणि तेच तांब्याला खातं. मी पहिल्या वर्षी तेच भरलं होतं. बाहेरून जोड छान बंद दिसत होता.

छतातून केबल आत शिरते तिथे तिला आधी खाली वळण देऊन मग वर घ्या. केबलीवरून ओघळणारं पाणी त्या वळणाच्या तळातून टपकून जातं, भोकातून आत सेटपर्यंत येत नाही. आणि कनेक्टरला केबलीचं वजन पेलायला लावू नका. अर्ध्या फुटावर क्लिप मारून वजन छताला द्या.

डोंगरापुढे केबल काय करणार

सगळं नीट झाल्यावरही काही वळणांवर बोट ऐकू येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत चालतो. बोटीची अँटेना पाण्यापासून ४ मीटर आणि केंद्राचा मास्ट २५ मीटर धरला, तर सपाट पाण्यावर २८-२९ किलोमीटरपर्यंत जमेल. सातपुड्याच्या दरीत ते सपाट पाणी नाही. आमच्या वाटेवर दोन वळणं अशी आहेत जिथे मधे अख्खा कडा येतो. तिथे २५ वॅटच काय, १०० वॅटनेही काम होणार नाही. त्यावर उपाय म्हणजे मास्ट काठावरून उचलून वरच्या सोंडेवर नेणं, आणि मास्ट वर गेला की केबल लांबते, म्हणजे पुन्हा जाड केबलच हवी. बोटीवर ६ डेसिबल गेनची लांब अँटेना लावायचा मोह टाळा. ती आपली ताकद आडव्या पट्ट्यात दाबून टाकते, बोट डोलली की पट्टा एकदा पाण्यात, एकदा आभाळात. दरीत वरच्या सोंडेशी बोलायचं असेल तर ३ डेसिबलची अँटेना बरी.

नावाड्याला या दोन वळणांच्या जागा दाखवून ठेवल्या आहेत. वळण घेण्याआधी केंद्राला "आत चाललो" म्हणून सांगायचं, बाहेर आल्यावर पुन्हा सांगायचं. ठरल्या वेळेत दुसरा निरोप आला नाही तर केंद्राने दुसरी बोट काढायची. हे रेडिओच्या कामापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरलं आहे.

बसवून झाल्यावर

आता आमच्या बोटीवर कलईची आरजी-८एक्स अखंड साडेपाच मीटर आहे, मास्टवर एलएमआर-४००. बसवल्याच्या दिवशी बोटीच्या केबलीत २४ वॉट शिरले आणि २० बाहेर आले. हा आकडा मी कायम मार्करने बॅटरीच्या पेटीच्या झाकणाच्या आत, तारखेसह लिहून ठेवला. जुलैअखेर पाऊस धो-धो चालू असताना पुन्हा मोजला, २० च आला. सप्टेंबरात धरण काठोकाठ असताना १९.५.

तुम्हीही असाच आकडा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तक्रार आली तर सगळ्यात आधी तोच मोजा. २० चे १५ झाले असतील तर सेटला हात न लावता आधी छतावरचा जोड उघडा, रबरी पट्टी कापा आणि जाळीचा रंग बघा. काळी सापडली तर वीतभर कापून वेळ मारून नेऊ नका, पूर्ण केबल बदला. आकडा तेवढाच असेल तर सेटच्या मागे व्होल्टेज मोजा, मग केंद्रातले दिवे बंद करून ऐका. या क्रमाने मला आजवर कुठेही अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागलेला नाही, आणि त्यातला निम्मा वेळ म्हसावदहून धडगावचा घाट चढण्यात जातो.